धुराड्यावरची कोंडलेली हवा

खटकन आवाज झाला आणि दार घट्ट बसलं.

"लिफ्टची वीज गेली," शिफ्ट इंजिनिअर म्हणाला. "लिफ्ट वर आल्याशिवाय हे दार उघडत नाही."

वीजकेंद्राच्या धुराड्याला मध्यावर चिकटवलेली ती पत्र्याची खोली. आत धुरातला गंधक मोजणारं यंत्र, बॅटरीवर चालणारं, आणि तीन माणसं: प्रदूषण खात्याच्या तपासनीस बाई, यंत्र सांभाळणारा मेकॅनिक आणि त्याच्या बायकोचा भाऊ, म्हणजे हाच इंजिनिअर.

खाली वस्ती खोकून बेजार, आणि यंत्राचे आकडे धुतल्या तांदळासारखे. यंत्राच्या कपाटाच्या किल्ल्या मेकॅनिक आणि इंजिनिअर दोघांकडे. संशयाचं बोट मात्र मेकॅनिककडेच. लबाडी सापडली की त्याला तुरुंग ठरलेला.

"धूर ओढणारी नळी हलवलीत?" बाईंनी विचारलं.

"पोरांची शपथ, नाही!" तो धापा टाकत कपाटाला टेकला.

"दाजी, इकडे भिंतीशी बसा." मेहुण्याने त्याचा दंड धरला. "बाई, तुम्हीसुद्धा. तिथे उकडेल."

"सासुरवाडीला जावयाची काळजी आहे म्हणायची," मेकॅनिक कसनुसं हसला.

भिंत धुराड्याची. टेकताच पाठ भाजली.

हवा जड होत चालली. बाईंचा जीव घुसमटू लागला. नजर फिरत फिरत पडद्यावर गेली. गंधक, नगण्य. शेजारी कर्बवायूचा आकडा. खात्याच्या कचेरीत फक्त गंधकाचा आकडा जाई, हा नाही. तोही नावापुरता. पण मघापासून हळूहळू चढत होता.

बाई ताडकन उठल्या. "मेकॅनिक, कपाटामागच्या फटीत फुंकर मारा."

"कशाला?" इंजिनिअर ओरडला. "यंत्र बिघडेल!"

मेकॅनिकने गाल फुगवून फुंकलं. कर्बवायूच्या आकड्याने उडी घेतली.

"कोळसा जळतोय, तर धुरात कर्बवायू मुबलक हवा," बाई म्हणाल्या. "इथे तो आपण कोंडल्यापासून वाढतोय. हे यंत्र धूर घेतच नाही. आपला श्वास घेतंय."

कपाट उघडलं. नळी सुटी लोंबत होती. धुराड्याकडच्या तोंडाला बूच.

"म्हणजे दाजींनीच..."

"ते तर तिथेच धापा टाकत होते! गुपित ठाऊक असलेला माणूस तिथून लांब राहील आणि इतरांनाही लांब ठेवील. तुम्ही आम्हाला गार कपाटापासून उठवून तापल्या भिंतीशी बसवलंत. मला ती माया वाटली होती."

इंजिनिअर पुटपुटला, "धुरातला गंधक धुऊन काढणारं यंत्र बंद पडलंय. नियमाने वीजनिर्मितीचा संच थांबवायला हवा होता. वरून दम आला, थांबवलास तर घरी बस. मी काय करणार?"

"आणि मी तुरुंगात गेल्यावर बहिणीला काय सांगणार होतास?"

मेकॅनिकने बूच उपटलं, नळी जागेवर आवळली. गंधकाचा आकडा सरसर मर्यादेपलीकडे गेला. लाल दिवा लागला.

"कचेरीत घंटा वाजली असेल," बाई म्हणाल्या. "आता लिफ्ट सुरू करून येतील वर."

दार अजून बंदच होतं. पण ते उघडण्याची भीती आता एकालाच होती.