पाणीसांडी

या, असे पुढे सरका. मागे बसलं की गोष्टीतला गोडवा पुढचेच खाऊन टाकतात! आज प्रेमाची गोष्ट आहे, आणि ती सुरू होते घाण पाण्यापासून. नाक मुरडू नका. कमळाला चिखलात उगवायची लाज वाटली नाही, मग प्रेम पंक्चरच्या टबात उगवलं म्हणून आपण का लाजायचं?

तर झालं असं. आरोग्य खात्यातली एक मुलगी. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी आणि लांब दांड्याची पळी. गल्लीत तापाची साथ होती. तो ताप देणारा डास साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणून घरोघरचं पाणी तपासायचं तिचं काम. गल्लीच्या तोंडाशीच सायकल-दुरुस्तीचं दुकान. बाहेर भुरभुर पाऊस, आणि आत एक तरुण टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून, श्वास रोखून बघत बसलेला.

"काय शोधताय एवढं?"

"बुडबुडे. हवा कुठून पळतेय ते." त्याने वरही पाहिलं नाही. "आणि तुम्ही?"

"मी वळवळणारं शोधते." तिने पळी बुडवली, बॅटरी मारली. "ह्या बघा अळ्या. नुसत्या नाचतायत!"

आता त्याने मान वर केली. पण नजर पळीकडे जाईचना...

"पळीत बघा."

"बघतोय की."

"ते माझं नाक आहे."

तो असा काही लाजला, की हातातली ट्यूब टबात पडून दोघांच्या तोंडावर पाणी उडालं. तिने हसू दाबत टब उपडा केला. "रोज संध्याकाळी असाच रिकामा करायचा. काय?"

"करीन. पण... केला की नाही, हे बघायला कुणी यायला नको?"

ती पळी झटकून वळली. कान मात्र तापले होते, आणि तो साथीचा ताप नव्हता!

त्या तंद्रीत म्हणा, की नियम तोंडपाठ होता म्हणून म्हणा, पुढच्याच घरी तिच्या हातून घोटाळा झाला. अंगणातल्या पिंपात अळ्या दिसल्या. अळी दिसली की भांडं रिकामं करायचं, हा नियम. तिने पिंप कलंडवलं. घरातली बाई बाहेर येईपर्यंत पाणी गटाराला लागलं होतं.

"अगं बये, काय केलंस हे! आठवड्यातून दोनदा नळ येतो आमचा. गुडघे धरून रांगेत उभी राहिले मी त्या पाण्यासाठी!"

संध्याकाळपर्यंत गल्लीने पोरीचं बारसं करून टाकलं – पाणीसांडी. दुसऱ्या दिवशी ती दिसली, की कड्या लागायच्या. आतून आवाज यायचा, "आम्ही सगळे ठणठणीत आहोत हो!" आणि त्याच दिवशी समोरची शिवणकाम करणारी बाई तापाने फणफणून दवाखान्यात गेली. आणखी दोन घरांत अंथरुणं पडली. बंद दारांआड डास पोसले जात होते, आणि हिला घास गिळवेना. दारंच उघडली नाहीत, तर साथ थांबायची कशी?

ती दुकानात आली आणि जुन्या टायरवर मटकन बसली.

"एवढं पडलेलं तोंड? कुणी हवा काढली?"

"तुमच्या गल्लीने. एका बाईंचं पिंप मी ओतून दिलं..."

"ठाऊक आहे." त्याने पाना खाली ठेवला. "माझी आई ती."

"अगं आई गं!"

"हो, तीच."

"मग हाकला ना मला."

"हाकललं असतं... पण टब रिकामा झाला का, ते कोण बघणार?"

रडता रडता तिला हसू फुटलं. समोर खुंटीला फाटक्या ट्यूब लोंबत होत्या. चाळा म्हणून तिने एक ओढली, सोडली. पुन्हा ओढली. आणि एकदम उठली. "ही कापून कडं करता येईल? पिंपाच्या तोंडाला कापड बांधून वर घट्ट बसेल असं?"

"पिंपाला ट्रकची ट्यूब लागेल." तो कात्री शोधायला लागलासुद्धा. "पण आईला समजावणार कोण?"

"मी. माझंच पाप आहे ते."

नळाच्या दिवशी ती आईंच्या आधी रांगेत उभी. "तुमच्या घरचं पाणी आज मी भरते. चुकलं माझं. मी अळी पाहिली, तुमचे गुडघे नाही पाहिले."

"वा! पुन्हा ओतायला भरतेस होय?" आईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पण हंडा दिला.

आता पाणी सांडायचं नाही, गाळायचं. तिने पिंपात साठलेलं पावसाचं पाणी कापडाने गाळून घेतलं, पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी घासून काढली, ताजं पाणी ओतलं, वर कापड आणि त्यावर रबरी कडं. आईंनी कडं ओढून पाहिलं. चट्कन बसलं. कुंपणावरून शेजारीण म्हणाली, "अहो, ते कडं आम्हालाही मिळेल का?"

झालं! कड्या निघाल्या, दारं उघडली. दुकानात ट्यूब कापून कापून त्याच्या बोटांना फोड आले. तिने मलम लावलं, जरा जास्तच वेळ लावलं... तापाची अंथरुणं एकेक करून उचलली गेली. शिवणवाली बाई चालत घरी आली, तेव्हा अख्ख्या गल्लीचा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "साथ गेली. म्हणजे आता तुमचं येणं..."

"दर आठवड्याला. पिंपं तपासायला."

"आणि दुकानात? इथे तर टब रोज कोरडा असतो."

"तो कोरडा असतो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला." ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलली. "तरी आलेच ना मी... रोज?"

त्याने दुकान बंद केलं, आणि तिला घरी नेलं. ती दाराशी घुटमळली. आईंनी एकदा लेकाचं तोंड पाहिलं, एकदा तिचं.

"उंबऱ्याबाहेर पाहुणे उभे राहतात. तू आत ये. गल्लीतले ताप तू उतरवलेस पोरी, माझ्या लेकाला जो चढलाय तो मात्र उतरवू नकोस."

गोष्ट इथे गोड झाली. आता एक मागणं. तुमच्या दारी अशी एखादी येते, उन्हातान्हात, शिव्या झेलत. ती येऊन जाते, आणि आपल्या घरात कुणी आजारी पडत नाही, म्हणून ती आपल्या लक्षातच राहत नाही. आज रात्री देवापुढे हात जोडाल ना... तेव्हा आपल्या माणसांबरोबर तिचीही आठवण काढा.