तिसऱ्या सिलेंडरमधलं पाणी

पौषातल्या थंडीत भैय्यालालची मोटार सकाळी सुरू व्हायची, पण धड नाही. चार सिलेंडरांपैकी तीन बोलायचे, एक गप्प राहायचा. धक, धक, मध्ये रिकामी जागा, धक. हीव भरल्यासारखी सगळी गाडी हलायची. इंजिन तापलं की राहिलेला ठोका येऊन मिळायचा आणि मग तुमसरच्या बाजारापर्यंत काही तक्रार नसायची.

गाडी जुनी, पेट्रोलवरची. मागची सीट काढून तिथं मासोळीची टोपली ठेवायची सोय केलेली. आंबागडच्या पायथ्याशी, तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागून भैय्यालालचं घर. गावातले ढिवर सकाळी जाळं ओढायचे आणि तो त्यांची मासोळी बाजारात पोचवायचा. स्वतः मात्र जाळं टाकत नसे. मागच्या श्रावणात त्याची बायको रत्नाबाई डोंग्यातून तलावात पडली, तेव्हापासून नाही. जन्म पाण्यात काढलेली बाई. साऱ्या गावाची जाळी तलावातून फिरली. ती सापडली नाही. वरही आली नाही.

लेक रिता नागपूरला राहायची. तिनं तेव्हाच बजावलं होतं, "बाबा, गाडी चालवता तोवर राहा तिथं. ज्या दिवशी गाडी बसली, त्या दिवशी मी न्यायले येईन."

भैय्यालालला तलाव सोडायचा नव्हता. रिकाम्या घरात भांडं पडलं तरी तो दचकायचा, पण संध्याकाळी पाळीवर बसलं की कुणाच्या तरी जवळ बसल्यासारखं वाटायचं.

त्या सकाळी तो गाडी तापवत असतानाच रिताचा फोन आला.

"बाबा, गाडी अशी काहून खोकलून राहिली?"

"थंडी हाय ना, बाई."

"मागच्या वेळीबी हेच सांगतलं. रविवारी येऊन राहिली मी. पिशवी भरून ठेवा."

तिनं फोन ठेवला. गाडी खोकतच होती.

सिहोऱ्याचा अमर मिस्त्री ही गाडी पहिल्यापासून सांभाळत आलेला. तो आला, बोनेट उघडून चालू इंजिनच्या एकेका प्लगची वायर काढून पाहू लागला. पहिली काढली, इंजिन दबलं. दुसरी काढली, दबलं. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. त्यानं तिथला प्लग पहिल्यात लावला, पहिल्याचा तिसऱ्यात. वायरी बदलल्या. खोट तिसऱ्यातच राहिली.

दुसऱ्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधीच त्यानं तिसरा प्लग काढला. प्लग ओला होता. अमरनं नाकाशी धरला.

"पेट्रोल नाई, काका. पानी होय. रेडिएटरमधे काय टाकता तुमी?"

"तलावाचं पानी. आजवर तेच टाकलं."

"किती डाव सांगतलं, कूलंट टाका म्हणून. हे गाडी नाई, म्हईस केली तुमी. गॅस्केट सडलं अशीन. रातभर पानी आत झिरपते."

भैय्यालाल हसला. ढिवराची गाडी तलावाचंच पाणी पिणार, असं तो मिरवायचा. रोज सकाळी रेडिएटरमध्ये लोटा रिकामा करायचं काम रत्नाबाईचं होतं.

पण पाणी झिरपत असेल तर रेडिएटरमधलं कमी व्हायला हवं. अमरनं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं.

अमरनं बोट बुडवून खात्री केली. मग त्यानं रेडिएटर आणि इंजिनमधलं सगळं पाणी खाली सोडलं. अंगणात चिखल झाला. "आता झिरपाले काहीच नाई," तो म्हणाला. "उद्या पाहू."

शनिवारी सकाळी रेडिएटर कोरडा ठणठणीत होता. तिसरा प्लग ओला होता. अमरनं तो वासासाठी भैय्यालालपुढं धरला. गाळ, शेवाळ, शिंगाड्याचा वेल. भैय्यालालनं मान फिरवली.

"हेड खोलतो," अमर म्हणाला. नेहमीसारखी थट्टा त्यानं केली नाही.

त्यानं बोल्ट सैल केले. दोघांनी मिळून हेड, सिलेंडरांवरचं जड झाकण, उचललं. गॅस्केट कुठंही जळलं नव्हतं. अमरनं हेडवर पट्टी आडवी-उभी ठेवून पाहिली, बोट फिरवून चीर शोधली. चीर नव्हती.

मधले दोन पिस्टन खाली होते. दुसऱ्या सिलेंडरच्या तळाशी कोरडी काजळी होती.

तिसऱ्यात स्वच्छ पाणी होतं.

भैय्यालाल वाकला. पाणी हललं. पारदर्शक, जिऱ्याएवढं मासोळीचं पिल्लू एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे गेलं आणि थांबलं.

अमर मागं सरकला. "काका," तो हळूच म्हणाला, "मी काही पाह्यलं नाई."

भैय्यालालच्या घरात एक रीत होती. जाळ्यात आलेली दिवसाची पहिली मासोळी परत पाण्यात सोडायची. हेही काम रत्नाबाईचं. ओंजळ पाण्याला टेकवून ती म्हणायची, "जाय बाई, उद्या येजो." ती गेली, जाळं बंद झालं, आणि ही रीतही तिथंच राहिली.

त्यानं चमच्यानं ते पाणी पिल्लासकट तळहातावर घेतलं आणि दुसरा हात जोडला. ओंजळ सरळ धरून तो पाळीकडे गेला. थंड पाण्याला हात टेकवले.

"जाय बाई," तो म्हणाला. पुढचं म्हणावं की नाही, याचा त्यानं थोडा विचार केला. मग म्हटलं.

"उद्या येजो."

अमरनं नवं गॅस्केट घालून हेड बसवलं, रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट ओतलं आणि चहा न घेताच निघून गेला.

रविवारी रिता आली. किल्ली तिनंच फिरवली. थंडगार इंजिन एका दमात सुरू झालं. चारही ठोके सारखे.

"आता बरी बोलते," ती म्हणाली. भरलेली पिशवी तिनंच रिकामी केली, धोतरं दांडीवर टाकली. दुपारी ती परत गेली.

भैय्यालाल अंगणात एकटाच राहिला. हवं ते मिळालं होतं. गाडी चालत होती, तलाव समोर होता. तरी त्यानं पुन्हा किल्ली फिरवली आणि त्या ठोक्यांमध्ये रिकामी जागा शोधत बसला. ती कुठंच नव्हती.

सोमवारी उजाडता उजाडता त्याला जाग आली. अंग थंड पडलं होतं. छातीवर हात ठेवला.

धक, धक.

मग काहीच नाही.

धक.

इंजिनची वाट पाहावी तशी तो अंग तापायची वाट पाहत पडून राहिला. फोन वाजला.

"बाबा, गाडी कशी हाय?"

"मस्त हाय, बाई. एकदम मस्त."

"तुमचा आवाज असा काहून येऊन राहिला?"

"आताच उठलो ना."

फोन ठेवल्यावर त्याला खोकला आला. त्यानं तोंडापुढं हात धरला. तळहातावर थंड पाणी आलं, गाळाच्या वासाचं. भैय्यालालनं हात झटकला नाही. दुसरा हात जोडून त्यानं ओंजळ केली, आणि ती सरळ धरून, एक थेंब सांडू न देता, तो पाळीकडे निघाला.