श्वास धरा

विज्ञानात चमत्काराला जागा नाही. भंडाऱ्यातल्या आमच्या हॉस्पिटलात ती नातेवाइकांनाही नाही. ते बाहेर बाकावर झोपतात.

हृदयात नळी घालताना रुग्णाला एक्स-रे किती बसतो, यावर संशय घेणं ही माझी नोकरी. कारध्याचे यादोराव वैनगंगेत मासे धरतात. आधीच्या एका लांबलेल्या ॲन्जिओप्लास्टीत त्यांची पाठ किरणांनी भाजली होती. पुन्हा भाजली असती तर जखम भरली नसती. म्हणून या वेळी नळी घालणाऱ्या डॉक्टर प्रेरणा मॅडमनी एक्स-रेच्या पेडलवर पाय क्षणभरच ठेवायचं ठरवलं.

"श्वास घ्या. धरा."

छाती स्थिर असली की चित्र पहिल्याच फटक्यात साफ येतं. यादोराव असे स्थिर राहिले, की सगळं काम उरकलं तरी किरणांचं मीटर जेमतेम हललं. मॅडम खूश. मी मीटर तपासायला पाठवलं. त्यात काही निघालं नाही. यादोरावांची बायको सखाबाई बाहेर बाकावर इतकी गाढ झोपली होती, की उठवायला दोन नर्स लागल्या.

पुढच्या आठवड्यात दोघं तपासणीला आले. पाठ छान होती.

"मॅडम, 'सोडा' म्हनाचं राहून गेलं जी तुमचं," सखाबाई म्हणाली. "तवापासून धरूनच बसले. बोलत नाही. बुडी मारली का जाळं भरूनच वर येतेत."

"मावशी, माणूस असा राहत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मले कायले सांगता? त्यायले सांगा ना!"

मला हा नवराबायकोतला अबोला वाटला. मी माझा शिशाच्या काचांचा चष्मा यादोरावांच्या नाकाखाली धरला.

काचेवर वाफ आली नाही.

नाडी नियमित होती. यादोराव मॅडमकडे बघत होते, सहीसाठी खोळंबलेल्या माणसासारखे.

मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला. मग म्हणाल्या, "सोडा."

सोडला. खोलीभर नदीच्या गाळाचा वास पसरला. छाती खाली गेली.

खालीच राहिली.

ओठ निळे पडू लागले.

"आता 'घ्या' म्हना ना जी!" सखाबाई ओरडली.

"घ्या!"

घेतला.

"सोडा."

सोडला.

असं करता करता मॅडमचा घसा बसला. "आजपासून सखाबाईंचं ऐकायचं," त्या यादोरावांना म्हणाल्या. त्यांनी मान डोलावली. सखाबाईने 'घ्या-सोडा'चं काम लगेच उचललं. औषधं येईपर्यंत दोघांना बाहेर बसवलं.

संध्याकाळी मी घरी निघालो, तेव्हा बाकावर सखाबाई गाढ झोपली होती.