काल फडफडलेला दिवा

दोन नंबरचा दिवा आज शहाण्यासारखा वागला, आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

काल संध्याकाळी हाच दिवा मंद होताना फडफडला होता. उजेड पाव हिश्श्यावर आला की थरथर, आणि मग एकदम काळोख. आज सकाळी मात्र तो अलगद उतरत उतरत विझला.

सभागृहाचं नूतनीकरण संपत आलं होतं. प्रेक्षकांच्या डोक्यावरचे जुने बल्ब जाऊन तिथे एकशे ऐंशी एलईडी येणार होते. कोणते, हे ठरवायला तिला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. छताला तीन नमुने टांगलेले. एक नंबर डोळ्यांत खुपायचा, तो कालच बाद झाला. उरले दोन आणि तीन. दुपारी बारापर्यंत तिची सही हवी होती.

सही म्हटलं की ती दहादा तपासून पाही. तीन वर्षांपूर्वी एका सभागृहात तिने याच दोन नंबरच्या बनावटीवर सही केली होती. तिथे शंभर दिवे लागले आणि शंभरच्या शंभर फडफडले. पहिल्याच प्रयोगाला अख्खं प्रेक्षागृह हसत सुटलं. पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर एक प्रेत होतं. म्हणे त्यालाही हसू आवरलं नाही.

म्हणे, कारण ती स्वतः तिथे नव्हती. कधीच नसे. माणसं यायच्या आत ती पुढच्या गावी पोचलेली असे. पन्नासेक सभागृहं तिने पाहिली होती, सगळी रिकामी. लॉजच्या खोल्याही तशाच.

"झालं तर मग," व्यवस्थापक हात चोळत म्हणाले. "दोन नंबर पक्का. हा दिवे मंद करायच्या आपल्या जुन्या डिमरवरच चालतो. तीन नंबर घेतला तर नवं पॅनल बसवा, बटणं शिका. कटकट."

"मी म्हटलं नव्हतं मॅडम?" दोन नंबरचा पुरवठादार हसला. हा माणूस झोपेतही हसत असावा. "नवा दिवा पहिल्या दिवशी लाजतो."

"शिडी आणा," ती म्हणाली.

ती वर चढली. काल दिव्याच्या स्क्रूवर तिने कागद चिकटवून स्वतःची सही केली होती. सही जागच्या जागी होती, कागदाचा कोपराही उचकटलेला नव्हता. दिवा तोच, तारही तीच, तरी चाल वेगळी. कुठेतरी पाणी मुरत होतं.

खाली उतरून तिने पुरवठादाराला बाजूला घेतलं.

"काल मी गेल्यावर तुम्ही आत आला होतात?"

"कसा येणार? दाराला कुलूप. सकाळी तुमच्या पाठोपाठ आलो."

"दिव्याला काही केलंत?"

"सही तुमची, शिडीवर तुम्ही, आणि चोर मी?" तो पहिल्यांदाच हसला नाही.

व्यवस्थापकांनी तर कानांवर हात ठेवले. "आठला मी कुलूप काढलं. मी आणि काका, तिसरं कुणी नाही. शिडी माझ्या टेबलामागे होती, ती हललेली नाही. आणि काका काय शिडी चढणार? दोन पायऱ्या चढले तरी त्यांचे गुडघे ओरडतात."

काका म्हणजे इथले लाइटवाले. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीत, खालीच, डिमरची चिंचोळी खोली होती. तिला एक छोटी खिडकी. त्या खिडकीतून पाहत, दांडी ओढून दिवे मंद करण्यात काकांची एकतीस वर्षं गेली होती. काल त्यांनी तिला सगळं हौसेने दाखवलं होतं. पालथ्या लोखंडी बादलीवर उशी टाकून ते बसले होते. खोलीत बसायला तेवढंच. "शेवटचा माणूस बसल्याशिवाय मी दांडीला हात लावत नाही," असंही त्यांनी सांगितलं होतं.

आज ती गेली तेव्हा काका भिंतीला टेकून उभे होते. उशी खाली जमिनीवर. खोली गरम होती आणि धूळ जळल्यासारखा वास येत होता.

"काका, आज काही वेगळं केलंत?"

"नाही ताई. दांडी खाली ओढली."

"दिवा आज फडफडला नाही."

"चांगलंच झालं की." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "चला, बाहेर बोलू. इथे उकडतंय."

शिडीच्या धुळीने तिचे हात माखले होते. धुवायला ती मेकअपच्या खोलीत गेली. आरशाभोवती दहा बल्ब, जुन्या तारेचे. सगळ्या इमारतीत असे बल्ब आता इथेच उरले होते. तिने बटण दाबलं. नऊ लागले. दहाव्या जागी नुसता होल्डर होता, आणि बाकी सगळ्यांवर बोटभर धूळ असताना तो आतून लख्ख होता.

नऊ बल्बांच्या उजेडात तिला आपला चेहरा दिसला. थकलेला. मग ती आरशाकडे पाहायचं विसरली, कारण तिला बादली आठवली.

साडेअकराला तिने तिघांना डिमरच्या खोलीत गोळा केलं. पुढच्या चाचणीसाठी दोन नंबर पुन्हा लावून ठेवलेला होता.

"काका, बसा ना."

"नको, बरा आहे मी."

"गुडघे दुखताहेत. बादलीवर बसा."

काका बसले नाहीत. तिने बादलीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग रुमालाने धरून बादली उचलली. खाली एका होल्डरमध्ये आरशावरचा दहावा बल्ब जळत होता. त्याच्या दोन तारा डिमरच्या पेटीत गेलेल्या.

"दिवा कुणी बदलला, हे आपण शोधत होतो," ती म्हणाली. "दिव्याला कुणी हातच लावला नव्हता. हे डिमर जुन्या, जड बल्बांसाठी बांधलेत. दोन नंबरसारखा हलका दिवा जोडला की त्यांचा तोल जातो. त्याच वाटेवर एक जुना बल्ब लावला की तोल सावरतो. ही जुन्या लाइटवाल्यांची युक्ती. त्यासाठी शिडी लागत नाही, तार इथूनच वर जाते. फक्त बल्ब झाकावा लागतो, आणि मग तापलेल्या बादलीवर बसता येत नाही. काल काका बसले होते. आज उभे होते, गुडघे दुखत असताना."

पुरवठादार हात वर करून म्हणाला, "देवाशपथ, मला यातलं काही ठाऊक नाही."

"ते दिसतंच आहे. तुम्हाला युक्ती ठाऊक असती तर दिवा कालच लाजला नसता."

व्यवस्थापक लाल झाले होते. "काका, एकतीस वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला. का केलंत हे?"

"तीन नंबर आला की बटण येतं," काका म्हणाले. "ते दाबलं की आठ सेकंदांत काळोख. ही खोली बंद, मीही बंद." त्यांनी खिडकीतून प्रेक्षागृहाकडे पाहिलं. "घरी दिवा मालवला की नुसता अंधार होतो, साहेब. इथे मालवला की सहाशे माणसं माझ्याबरोबर गप्प होतात."

तिला तो घरचा अंधार ओळखीचा वाटला, आणि वाईट वाटलं.

"मी हे अहवालात लिहिणार, काका. सही मी तीन नंबरवर करणार."

"करा ताई. तुमचं काम आहे ते."

"तीन नंबर एकदा शेवटचा पाहू." त्याच्याबरोबर आलेल्या नमुन्याच्या पॅनलवरची बटणाची तार काढून तिने तिथे आपल्या पेटीतली हाताने सरकवायची दांडी जोडली. "आता तुम्ही चालवा."

ती प्रेक्षागृहात जाऊन मधोमध उभी राहिली. व्यवस्थापक दाराशी टेकून. वर तीन नंबर लख्ख जळत होता. मिनिट गेलं. उजेड तसूभर हलला नाही.

"काका, अडकलं का?"

खिडकीतून आवाज आला. "तुम्ही उभ्या आहात, ताई."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग ती जवळच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ती कुठल्याच सभागृहात अशी बसली नव्हती.

दिवा उतरू लागला, सावकाश, तिने पाय नीट ठेवून पाठ टेकेपर्यंत थांबत थांबत.

अंधारात तिने व्यवस्थापकांना सांगितलं, "अहवालात लिहितेय. तीन नंबर. पॅनलला बटण नको, दांडी हवी."

"दांडी म्हणजे माणूस आला."

"आला."

दाराशी व्यवस्थापक खाकरले. "आणि आरशाला बल्ब. तो आधी परत लावा, काका."

ती तशीच बसून राहिली. पुढच्या गावची तिची गाडी एकची होती.

"उद्घाटन कधी आहे?" तिने विचारलं.