मी वाचवलेला जयवंत

"हा जयवंत मेला नव्हता का?"

इतक्या हळू विचारलं होतं की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसावं. मी पुस्तकातून मान वर केली. रंग फवारायच्या कॉम्प्रेसरच्या आड एक माणूस उकिडवा बसला होता. हातात पान्हा, नाकावर वंगणाचा काळा पट्टा, आणि चेहऱ्यावर चोर पकडल्याचं हसू. मला तो बघताक्षणी अजिबात आवडला नाही. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं आणि वाचत राहिले. आवाज मात्र थोडा चिरकला.

चोरी पकडली गेली होती, हे खरं.

त्याचं असं झालं होतं. पेणला हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात मी पीतांबर रंगवायला होते. कारखान्यातला रेडिओ बिघडला आणि दुपारची कंटाळवाणी वेळ भरून काढायला गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच. गोष्ट चालू असली की माणसांची तोंडं बंद राहतात आणि हात चालू राहतात, हे हैबतरावांच्या लवकरच ध्यानात आलं. मग त्यांनी रेडिओ दुरुस्तच केला नाही.

पण एकदा घोटाळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे काळुरामकाका म्हणजे आमच्या कारखान्याचा प्राण. एका कादंबरीत लहान मूल दगावलं आणि काकांनी कुंचला खाली ठेवला. "आज नाय जमायचं. डोळं रडकं उतरतील." त्या दिवशी सगळे गणपती बिनडोळ्यांचे राहिले. हैबतरावांनी मला बोलावून बजावलं, "शकू, आखणी चालू असताना गोष्टीत कुणी मरायचं नाय. समजलं?"

पुढच्याच कादंबरीतला नायक जयवंत सातव्या प्रकरणात तापाने मरत होता. मी त्याला बरा केला. आणि एकदा बरा केल्यावर उरलेलं छापील पुस्तक कामातून गेलं, कारण पुढे सगळीकडे त्याची यमुना नुसती रडत होती. तेव्हापासून पुस्तक उघडं धरायचं, मधूनमधून पान उलटायचं आणि मनाला येईल ते सांगायचं, असं माझं चाललं होतं.

चहाच्या सुट्टीत मी पडवीत आले. बाहेर आषाढ नुसता ओतत होता. तो माणूस पन्हळीच्या पाण्यात हात धूत होता.

"तुम्हाला कसं कळलं?" मी फणकारले.

"रोह्याच्या वाचनालयात तेच पुस्तक हाय. मागच्या महिन्यात वाचलं. सातव्या प्रकरणात मेला... मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं."

"सांगणार आहात का कुणाला?"

"छे! मला तर पुढं ऐकायचंय." तो हसला. मग पावसाकडे बघत म्हणाला, "फक्त... तुमचा जयवंत फार चांगला झालाय. चुकत नाय, चिडत नाय. अशा माणसाचं काय होतंय, याची कुणाला काळजी वाटेल?"

"फुकटचा सल्ला?"

"मोटार दुरुस्त केली त्याचे पैसे घेतले. सल्ला फुकट."

त्याचं नाव जोशुआ रोहेकर. रोह्याला मोटारी, पंपांच्या दुरुस्तीचं छोटंसं दुकान. बेने इस्रायली लोक ते, कोकणातले ज्यू, इथले आमच्याइतकेच जुने. "आमच्यात मूर्ती नसते," तो म्हणाला होता, "पण मूर्तीला रंग मारणाऱ्या मोटारीशी माझं काय भांडण नाय."

राग आला तरी सल्ला मनात राहिला. तो दोनचारदा येऊन गेल्यावर मी जयवंतला एक खोड लावली. कुणी काही सरळ विचारलं की "बघू" म्हणायची. ही जोशुआचीच खोड. मग चहा बशीत ओतून गार होईपर्यंत विसरून जायची, तीही त्याचीच. आणि आश्चर्य! इतके दिवस जयवंतला नुसतं ऐकणारी माणसं त्याच्यावर चिडू लागली, त्याची बाजू घेऊन भांडू लागली. "आता कसा माणूस झाला," चंद्रावती म्हणाली. ती सोंडा घासायला बसायची, जिभेने तिखट. शांतीमावशी तर जयवंतला ताप आल्याचं ऐकल्यापासून त्याच्यासाठी सोमवार धरत होती. मी सांगून पाहिलं की मावशी, हे पुस्तकातलं आहे. "म्हणून काय झालं? त्याला काय कमी ताप आला?" मावशीचं उत्तर.

त्या पावसाळ्यात आमचा कॉम्प्रेसर फार बिघडायचा.

"तुम्हीच बिघडवून जाता काय?" मी एकदा विचारलं.

"बघू," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही इतके हसलो की आतून चंद्रावती डोकावली.

ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. संध्याकाळी हात धुताना माझ्या कानाशी आली. "तुझा जयवंत गो... नाकाला वंगण लावून फिरतो काय?"

मी हात घासत राहिले. घरी जाताना एसटीच्या खिडकीतून पाण्याने भरलेली खाचरं दिसायची आणि मी उद्या जयवंत काय बोलेल याचा विचार करत असायची. खरं तर उद्या जोशुआ येईल का, याचा. प्रेमात पडले होते मी. सरळ सांगायचं तर अगदी पुरती पडले होते.

श्रावण लागला तेव्हा तो एकदा मोटार न उघडताच बसून राहिला. सुट्टीत पडवीत आला तर चेहरा उतरलेला.

"आमचं जायचं ठरलं," तो म्हणाला. "इस्रायलला. माझी बहीण शीरा तिकडंच असते ना... तिनं सगळं केलं. घराला गिऱ्हाईक मिळालंय."

पन्हळीचं पाणी खाली दगडावर आपटत होतं.

"तुम्हालाही जायचं आहे?"

"बघू," तो म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

जाण्याआधी त्यांच्याकडे मलिदा होता, त्याचं आमंत्रण त्याने दिलं. लांबच्या वाटेला निघताना एलियाहू हन्नाबी या त्यांच्या पैगंबराच्या नावाने करतात तो. मी चंद्रावतीला सोबत घेऊन रोह्याला गेले. भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं, वेलची, भोवती फळं. प्रार्थना मला कळली नाही, पण तिचा सूर माझ्या ओळखीचा वाटला, आमच्याकडे आरत्या म्हणताना म्हातारी माणसं लावतात तसा. सोबतीला माणसं मोजकीच होती. बाजूच्या खोलीत ट्रंका भरून ठेवलेल्या.

जोशुआची आई नाओमीबाई. काठाचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या. माझ्या हातावर मलिदा ठेवत म्हणाल्या, "तूच काय ती शकू? रोज रात्री जेवताना तुझी गोष्ट सांगतो मला. काय गो, त्या जयवंताचं पुढं काय होतंय?"

"अजून... ठरलं नाही."

त्या माझ्याजवळ टेकल्या. "आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात बाय. रोह्यात आता तेवढेही नाय उरले. याच्या वडलांच्या वरसाला अलिबागेहून माणसं आणली, भाडं देऊन. मी मेल्यावर माझ्यासाठी कोण उभं राहील?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण जोशू तयार नाय मनापासून. मला कळतं ते. तो नाय आला तर मी एकटी नाय जायची. आणि इथं राहून तरी काय करू?"

त्या काही मागत नव्हत्या माझ्याकडे. म्हणूनच मला तो मलिदा गिळवेना.

पण मी विशीतली होते आणि मला तो हवा होता. तो रोह्यात राहिला तर रडून, भांडून, उपाशी राहून मी माझ्या बाबांना कधीतरी वळवलं असतं. समुद्रापार मात्र त्यांनी मला जन्मात धाडलं नसतं. म्हणजे तो राहणं एवढंच माझ्या हाती लागण्यासारखं होतं. आणि "राहा" असं तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती. मग मी ठरवलं, जयवंतकडूनच म्हणवून घ्यायचं.

गोष्टीत मी जयवंतच्या आईला आफ्रिकेतल्या तिच्या भावाचं बोलावणं आणलं. बोट ठरली, सामान बांधलं. ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. आणि ज्या दिवशी जोशुआ कॉम्प्रेसरची शेवटची साफसफाई करायला येणार होता, त्याच दिवसासाठी मी धक्क्यावरचा प्रसंग राखून ठेवला.

तो आला. कोपऱ्यात बसला. काळुरामकाका एका मोठ्या मूर्तीसमोर बसून आखणी करत होते. मी पुस्तक उघडलं. भोंगा वाजला, जयवंतची आई शिडी चढून वर गेली, मागे वळून "चल रे" म्हणाली... मी थांबले. कारखान्यात घासायचाही आवाज बंद झाला. मग मी सांगितलं, अगदी डोळ्यांत पाणी येईल असं सांगितलं, की जयवंतने गर्दीत उभी असलेली यमुना पाहिली, हातातली पिशवी टाकली आणि तो अर्ध्या शिडीवरून खाली उतरला. कायमचा.

मला वाटलं होतं, टाळ्या पडतील.

काकांनी कुंचला खाली ठेवला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आणि आय?" काळुरामकाकांनी विचारलं. "बोटीत एकटीच गेली?"

"हो... तिचा भाऊ आहे ना तिकडे."

"म्हातारपणी भाऊ पुरतो व्हय?" काका माझ्याकडे वळून बसले. "त्या पोराला ताप आला तेव्हा हीच बाय त्याच्या उशाशी बसली होती. तूच वाचलंस. आन् आज तो तिला दर्यावर सोडून उतरला?"

"असला पोर यमुनेला नको," शांतीमावशी म्हणाली. तिच्या सोमवारांचं वाटोळं झालं होतं. "उद्या तिलापण असंच सोडील."

"जयवंत असं करायचा नाय," चंद्रावती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, पण नजर हटवली नाही. "तू त्याला ओळखत नाय काय गो?"

ओळखत होते. तेच तर दुखणं होतं. आठवडे खपून मी त्याला एकेक सवय लावली होती, त्याच्या तोंडी एकेक शब्द घातला होता, आणि तो इतका खरा झाला होता की आता मी सांगेन ते ऐकत नव्हता. त्यांच्यापेक्षा मीच त्याला कमी समजले होते. मी कोपऱ्यात पाहिलं. जोशुआ मान खाली घालून बसला होता. हातातलं फडकं तो पिळत होता, पुन्हा पुन्हा.

त्याला तोच शेवट हवा होता. मी "पुस्तकात असंच आहे" म्हटलं असतं, तर तो राहिला असता. आणि रोह्यात एक बाई उघड्या ट्रंकांसमोर बसून राहिली असती.

"दोन पानं एकदम उलटली गेली," मी म्हटलं. "थांबा."

मी पान मागे घेतलं. अक्षरं दिसत नव्हती, दिसायची गरजही नव्हती. "बोट सुटायला आली," मी सांगू लागले. "जयवंत कठड्याशी उभा होता. यमुना गर्दीतून पुढे आली. इतके दिवस तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं, पण आता तिने सगळ्यांच्या देखत, मोठ्याने सांगितलं. माझा जीव आहे तुमच्यावर. दुसरा कुणी मला नको आहे. पण तुम्ही जा. आईला एकटी पाठवू नका."

काकांनी मूर्तीकडे तोंड फिरवलं. शांतीमावशी पदर डोळ्यांना लावून हळूच "हां" म्हणाली, जुनं दुखणं उतरल्यावर म्हणतात तसं. सगळे रडत होते आणि सगळ्यांना पटलं होतं.

मी पुस्तक मिटून पडवीत आले. तो मागोमाग आला. त्याने पिशवी खांद्याला लावली होती, पण निघत नव्हता.

"ते... यमुना बोलली?" त्याने विचारलं.

"मी बोलले."

"शकू..." एवढंच म्हणून तो थांबला. पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं होतं. "मी उतरलो असतो. तू एकदा म्हण, अजून उतरतो. माझंही... तुझ्याशिवाय काय खरं नाय."

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते शब्द समोर होते. फक्त "राहा" म्हणायचं होतं. दोनच अक्षरं.

"ऐकलंत ना आत सगळ्यांनी काय म्हटलं?" मी म्हटलं. "आईला सोडून राहिलात, तर तुम्ही ते उरणार नाही, माझा जीव जडलाय ते. मग मी कुणाशी लग्न करू?"

त्याने हात पुढे केला, मग वंगण पाहून मागे घेतला. मीच तो हात धरला, दोन्ही हातांनी. बराच वेळ धरला. आतून सगळे बघत असतील याची मला मुळीच पर्वा वाटली नाही.

मग रोह्याची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडलं आणि तो पावसात उतरून निघून गेला.

मी आत येऊन जागेवर बसले. पीतांबराचा पिवळा वाटीत वाळायला लागला होता. त्यात पाणी घातलं, ढवळलं. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

शेवटी चंद्रावतीच हळूच म्हणाली, "वाच गो पुढं. यमुनेचं काय झालं?"

"काही नाही. ती रोज त्याची आठवण काढते."

"एवढंच? आसं कसं... पुढं कायतरी व्हायला पायजे ना तिचं."

"हो गं," मी म्हटलं, "मलाही तेच वाटतं."