बिनबापाचा नर

बायको गेल्यापासून मास्तरांना घर खायला उठायचं. म्हणून टाचणीने हाक मारली की ते हातातलं काम टाकून निघत. टाचणी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता खासगी गुप्तहेर. नावाप्रमाणेच टोकदार!

आज तिने बोलावलं होतं त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई रडवेल्या झाल्या होत्या.

"कड्यावरच्या रानमधमाशीचा जीनोम, तिचा अख्खा जनुकनकाशा, नऊ वर्षं जुळवतेय. मोहोळ वणव्यात जळालं. एकच नर फ्रीजरमध्ये उरला होता. त्याच्या छातीचा तुकडा चार दिवसांपूर्वी यंत्रात घातला, तर प्रत्येक गुणसूत्राच्या दोन वेगळ्या प्रती निघाल्या!"

"मग बरोबरच आहे की," मास्तर म्हणाले. "एक आईची, एक बापाची."

"मधमाशीच्या नराला बाप नसतो, मास्तर," बाई म्हणाल्या. " तो न फळलेल्या अंड्यातून येतो. एकच प्रत हवी. ही कामकरी माशी आहे, तीही इथल्या बागेतली. कुणीतरी तुकडा बदलला, आणि नरही जागेवर नाही."

बाईंखेरीज फ्रीजरच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या.

सहायक मुलगी फणकारली. "पुढच्या महिन्यात मला याच माशीवरचा प्रबंध द्यायचाय. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन?"

फ्रीजर सांभाळणाऱ्या काकांचं बोट सुजलं होतं.

"गांधीलमाशी हो! पाच दिवस झाले. नांगी आत रुतली होती, चिमट्याने उपटली. बसा ना जरा, इथे कोण येतंय हल्ली."

टाचणीने सगळ्यांना एकत्र बोलावलं.

"गांधीलमाशी नांगी मागे सोडत नाही, काका. मधमाशी सोडते. बागेत माशी पकडताना ती तुम्हाला डसली. या मुलीने चोरी केली असती, तर निदान नर तरी घातला असता. तुम्हाला माशी ती माशीच."

काका मटकन खाली बसले.

"काम संपलं की ही खोली बंद होणार होती. मग मी बोलायचं कुणाशी? घरी तर कुणीच नाही. म्हटलं, निकाल चुकला तर अजून वर्षभर चालेल."

"आणि माझा नर?" बाईंनी विचारलं.

"टाकवला नाही. खालच्या कप्प्यात आहे, गोठलेलाच."

बाई धावल्या. नळी छातीशी धरून परत आल्या आणि कोरडेपणाने म्हणाल्या, "किल्ली ठेवा, काका. उद्यापासून येऊ नका."

"चला, मास्तर," टाचणी म्हणाली. "सुटलं प्रकरण."

मास्तर हलले नाहीत. तिचं कुठलंच प्रकरण लवकर सुटू नये असं त्यांना दरवेळी वाटायचं, आणि आज ते त्यांनी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

"तू हो पुढे," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून काकांशेजारी बसले.