पुष्पाबाईच्या हाताचा गुण

“नंदाच्या पोटाला हात लावला तव्हापासून तुमचा हात गार पडलाय, पुष्पाबाई. माना न माना.”

हे बोलणं शिवकन्येसाठी नव्हतं. ती स्वयंपाकघरात करडीच्या तेलात ओवा अन् लसणाच्या पाकळ्या टाकून ते कोमट करत बसली होती. बाहेरच्या खोलीत वाकळेवर पालथी पडलेली शेजारची नूरबी हळूच हे बोलून गेली, आणि त्यावर सासूचा आवाज आला, “हळू बोल. आत हाये ती.” मग नुसतं चोळण्याचं सप्‌ सप्‌.

नंदा म्हणजे शिवकन्येच्या नवऱ्याची, भुजंगची, पहिली बायको. टेंभुर्णीला, तिच्या माहेरी, स्थळ आलं तेव्हाच मुलगा बिजवर आहे हे सांगितलं होतं, लपवाछपवी काही नव्हती. पहिली तापानं गेली, असं सासरे रामराव भर बैठकीत म्हणाले होते, हातातली चहाची बशी खालीसुद्धा न ठेवता. तापानं. पोटाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

शिवकन्येनं वाटी पदरात धरून बाहेर नेऊन ठेवली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. नव्या सुनेला एवढी विद्या माहेरीच शिकवलेली असते.

ही चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मस्तगडाच्या वस्तीत तेव्हा पुष्पाबाईच्या हाताला मोठं नाव होतं. कुणाची कंबर धरली, कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची बेंबी सरकली, की बाया दुपारच्या इकडेच यायच्या. जेवणं उरकायची, गल्लीतली कुत्री गटारीच्या कडेला आडवी व्हायची, आणि दाराची कडी वाजायची. लाइट बहुतेक गेलेलीच असायची. खिडकीला ओलं पोतं टांगलेलं, त्यातून गाळून आलेला तपकिरी उजेड, आणि त्यात तेलाचा, लसणाचा, घामाचा जड वास.

शिवकन्येचं काम वाटी भरायचं आणि बघायचं. “बघून घे,” पुष्पाबाई म्हणायच्या. “असाच येत न्हाई हात कुणाला.”

ती बघत राहिली. आणि एका दुपारी तिला दिसलं.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची सून कंबर चोळून घेत होती. पुष्पाबाईचे दोन्ही हात तिच्या कंबरेवर होते. आणि वर, उजव्या खांद्याखाली, तेलानं चमकणारी कातडी आपोआप दबली. चार बोटं आणि एक अंगठा, बारीक हाताचे. दबली, सरकली… पुन्हा दबली.

“हां… तिथंच,” ती बाई डोळे मिटून म्हणाली. “काय हात हाये मावशी तुमचा. जरा गार लागून राह्यला, पण बराबर दुखऱ्या जागी जातो.”

पुष्पाबाईनं ते कौतुक स्वतःच्या नावावर घेतलं आणि पदराला हात पुसले. त्यांनाही ते दिसलं होतं. शिवकन्येला त्याची खात्री होती, कारण त्या खांद्याकडे त्या मुद्दाम बघत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरच्या रांगेत तिनं नूरबीला गाठलं. “आपा, नंदाबाईला काय झाल्तं?”

“मला नको इचारू बेटा.” पण रांग लांब होती आणि नूरबीच्या पोटात बोलणं राहत नव्हतं. “इथं दुखत होतं तिच्या. उजव्या अंगाला, खाली. उलट्या, ताप. पुष्पाबाई म्हणल्या, बेंबी सरकली. सकाळी चोळलं, सांजच्याला चोळलं. पोरगी वरडायची, रिक्षा आणा म्हणायची. दवाखाना काय मुंबईला हाये का?”

“मंग?”

“मंग दुखणं एकदम थांबलं. बिलकुल. सारी गल्ली म्हणली, काय हात हाये. मी बी म्हणले. पुष्पाबाईनं गूळ वाटला.” नूरबीनं हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. “दिवस बुडायच्या आत गेली. डाक्टर आला मागून. तो म्हणला, आतल्या आत फुटलं होतं, म्हणून थांबलं दुखायचं.”

“तिनं आत्याबाईला ढकललं न्हाई?” शिवकन्येनं सासूबद्दल विचारलं.

“कशी ढकलल? हात भुजंगनं धरल्ते.”

शिवकन्या भरलेला हंडा घेऊन घरी आली. आपल्याला आता भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटला तो राग. ओल्या लाकडासारखा, धुमसणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. दुखणं थांबलं म्हणून गूळ वाटला. तो गूळ खाताना कुणाला तिच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटलं नसेल?

संध्याकाळी भाकरी वाढताना तिनं भुजंगचे हात पाहिले. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये ठिणग्या उडून डागाळलेले, कष्टाचे हात. लग्नात सांगितलं तेव्हा तिनं हेच हात हातात घेतले होते. त्यांनी आधी काय काय धरलंय हे विचारायची पद्धत नसते.

“नंदाबाईचे हात तुम्ही धरल्ते?” तिनं अगदी हळू विचारलं.

घास थांबला. “मायनं सांगितलं म्हणून धरले. माय तिच्या चांगल्यासाठीच करून राह्यली होती.” तो पुन्हा जेवू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, “मीठ दे.”

तिनं मीठ दिलं.

पुढच्याच दुपारी ती तेल तापवत असताना कुणीतरी तिच्या पोटाला हात लावला. उजव्या अंगाला, खाली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. हात बारीक होता, गार होता… आणि दाबत नव्हता. नुसता टेकला. दाराला कान लावून कुणी आतली चाहूल घ्यावी तसा थोडा वेळ तिथं राहिला, आणि उचलला गेला.

दिवेलागणीपर्यंत तिथंच दुखू लागलं. हे दुखणं आपलंच, की कुणी आपल्याजवळ आणून ठेवलेलं, ते तिला कळेना. सकाळी दोन उलट्या झाल्या, अंग तापलं, आणि उजवा पाय सरळ होईना.

“बेंबी सरकली,” पुष्पाबाई म्हणाल्या. “वाकळ टाक रे भुजंग.”

“दवाखाना…” शिवकन्या पुटपुटली. ओठांच्या बाहेर जेमतेमच पडलं.

रामरावांनी मात्र ऐकलं. “दवाखाना? सारा मस्तगड इथं येतो, अन् पुष्पाबाईच्या घरची सून दवाखान्यात? लोक थुंकतील तोंडावर.”

भुजंगनं तिला आडवं केलं आणि तिचे दोन्ही हात डोक्यामागं नेऊन धरले. कसे धरायचे हे त्याला सांगावं लागलं नाही. पुष्पाबाईनं वाटीत हात बुडवले. लसणाचा वास जवळ आला. हात खाली आले… आणि पोटाच्या वीतभर वर थांबले.

“काय झालं?” रामराव म्हणाले.

“जात न्हाई…” पुष्पाबाईचा आवाज बसला होता. “हात खाली जात न्हाई, अहो…”

शिवकन्येच्या पोटावर गार पंजा आधीच येऊन बसला होता. दुखऱ्या जागेवर झाकण ठेवावं तसा. पुष्पाबाईनं जोर लावला तेव्हा त्यांच्या मनगटावर पाच पांढरे खळगे उमटले आणि खोल जाऊ लागले. त्यांच्या बोटांवरून तेल ठिबकत होतं. थेंब पोटावर पडत नव्हते. मध्येच, हवेत, कशावर तरी पसरत होते, आणि तेलाचा चकाकता हात दिसू लागला होता.

मग भुजंगच्या पकडीतून तिची मनगटं सुटायला लागली. त्यानं सोडली नाहीत. त्याचं एकेक बोट कुणीतरी उचलत होतं, करंगळीपासून, सावकाश, घाई नसल्यासारखं.

“नंदा…” तो कुजबुजला. या घरात ते नाव त्याच्या तोंडून शिवकन्या पहिल्यांदा ऐकत होती.

“पडून राहा गं,” पुष्पाबाई मनगट चोळत म्हणाल्या. त्या उठून दाराशी सरकल्या होत्या. “आत्ता थांबल दुखणं. थांबतंच ते.”

आणि खरंच, त्याच वेळी ते थांबायला लागलं. भरती ओसरावी तसं. छान, हलकं वाटू लागलं. शिवकन्येच्या डोक्यापासून पायापर्यंत काटा आला.

ती उठली. भिंतीला धरून उभी राहिली. वाकळेवर जिथं ती पडली होती तो भाग फुलून वर आला, पण त्याच्या शेजारचा तेवढाच भाग दबलेला होता. तिघंही तिकडेच बघत होते. थोड्या वेळानं तोही हळूहळू वर आला… कुणी तळहात टेकून उठावं तसा.

तिनं पोटाशी हात धरला आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रिक्षा आणा. आम्हा दोघींला दवाखान्यात जायचंय. अन् आत्याबाई, तुम्ही दारातून बाजूला व्हा. तिचे हात आता मोकळे हायेत.”